मुंबईत रॅकेट मिळते, हवी ती मिळत नाही

चेकनाका

मंडळी, गेल्या महिन्यात माझी सात वर्षं जुनी बॅडमिंटनची रॅकेट गेली. डबल्स चालू होतं. मधोमध एक उंच शटल आलं, पार्टनर ओरडला "माझं", मी ओरडलो "माझं", आणि दोघांच्या रॅकेट एकमेकींवर आपटल्या. त्याच्या रॅकेटला नुसता ओरखडा. माझ्या फ्रेमवर, घड्याळात दहाचा आकडा असतो त्या जागी, केसाएवढी चीर. दोन दिवस चिकटपट्टी लावून खेळलो. तिसऱ्या दिवशी कट्ट असा आवाज आला आणि फ्रेमचा वाटोळा चेहरा लिंबाच्या फोडीसारखा झाला.

रॅकेटच घ्यायची आहे, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. मुलुंड, भांडुप आणि ठाणे मिळून सात दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी भिंतभर रॅकेट टांगलेल्या. लांबून बघितलं की वाटतं, वा, काय माल आहे. जवळ जाऊन वाचायला लागलं की कळतं, या चाळीस रॅकेट म्हणजे पाच-सहाच मॉडेल आहेत, बाकी नुसते रंग. एका टोकाला पाच-सहाशेवाली, जोडीने घ्यायची, सोसायटीच्या आवारात खेळायची. दुसऱ्या टोकाला काचेच्या कपाटात एखादी पंधरा हजारांच्या आसपासची, तिला हात लावायचा तर मालक चावी शोधतो. मधे जे आहे ते सगळं एकाच साच्यातलं: ५यू वजन (यू म्हणजे वजनाचा गट, आकडा मोठा तितकी रॅकेट हलकी), डोक्याकडे जड, आणि अंगावर दोरीच्या ताणाचं भलंमोठं "३० पौंड".

मला काय हवंय ते सांगतो. वय ४६, आठवड्यातून चार सकाळी पालिकेच्या हॉलमध्ये डबल्स. उजवं कोपर दुखतं (डॉक्टर टेनिस एल्बो म्हणतात, आयुष्यात टेनिस खेळलेलो नाही). म्हणून शाफ्ट, म्हणजे दांडा आणि जाळी यांच्या मधली काठी, जरा लवचिक, बॅलन्स मधोमध, वजन ४यू किंवा ३यू. बजेट पाच हजार. हे काही जगावेगळं मागणं नाही ना?

दुकानातले संवाद ऐका.

"बॅलन्स कसा आहे हिचा?"
"एकदम बॅलन्स आहे साहेब."

"शाफ्ट लवचिक आहे का?" यावर त्या मुलाने रॅकेट दोन्ही हातांनी धरून गुडघ्यावर वाकवून दाखवली. "बघा, तुटत नाय."

"ग्रिप कुठल्या साइजची?" "फ्री साइज."

आणखी एक. घरी मुलीची रॅकेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. वर ४यू लिहिलंय, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम. काटा दाखवतो ९३. म्हणजे लेबलावरही विश्वास ठेवायचा नाही का?

कुणी कुठे घेतली, कशी घेतली, सांगा. ऑनलाइन घे म्हणू नका, हातात धरल्याशिवाय मी रॅकेट घेत नाही.

टोणगा

ऑनलाइन घ्या.

हार्बरलाईन

धोबीतलाव. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं रांगेत आहेत. उपनगरात शोधण्यात अर्थ नाही, सगळे तिथूनच किंवा त्याच वितरकाकडून उचलतात. रविवार टाळा, आणि निघण्याआधी फोन करा.

टोणगा यांच्या सल्ल्याबद्दल: मी ऑनलाइन घेतली होती, अर्ध्या किमतीत, आनंदाने उड्या मारत. पहिल्याच आठवड्यात कोनावरचा रंग नखाने निघाला. शटल लागल्यावर आवाज असा की दुधाच्या पिशवीला टिचकी मारावी. मित्राची खरी रॅकेट शेजारी धरली तेव्हा अक्षरांची जाडीच वेगळी. परत करायची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. आता ती गच्चीवर वाळवणाचे कावळे हाकलायला आहे.

वजनकाटा

चेकनाका, दुकानदारांना शिव्या घाला, पण लेबलाला घालू नका. यू हा आकडा नुसत्या रॅकेटचा असतो, गटिंग (जाळीची दोरी) आणि वरून गुंडाळलेली ग्रिप त्यात धरत नाहीत. गटिंगचे चार-पाच ग्रॅम, ओव्हरग्रिपचे आणखी साधारण तेवढेच. तुमच्या मुलीच्या रॅकेटवर एकावर एक दोन ग्रिप असतील. म्हणजे ९३ हिशोबात बसतं.

३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४, ५यू ७५ ते ७९. त्याहून हलकी एफ. ग्रिपच्या जाडीचंही तसंच आहे: जी४ पेक्षा जी५ बारीक, जी६ आणखी बारीक. आकडा वाढला की दांडा बारीक होतो, हे दुकानातल्या दहातल्या नऊ मुलांना माहीत नसतं, त्यामुळे "जी५ मोठी असते ना" असं तेच आपल्याला शिकवतात.

बॅलन्ससाठी दुकानदाराला विचारूच नका. बरोबर एक फूटपट्टी न्या. शाफ्ट तर्जनीवर आडवी ठेवा, कुठे तरंगते ते बघा, आणि दांड्याच्या बुडापासून तिथपर्यंत मोजा. ढोबळ मानाने २८५ मिलिमीटरच्या आत आली तर डोकं हलकं, २९५च्या पुढे गेली तर डोकं जड, मधली ती तुमची. लोक बघतात, हसतात. हसू द्या.

बाकी ३० पौंड म्हणजे फ्रेम तेवढा ताण सोसते इतकंच. तुम्ही २२-२३ वर खेळणार. ट्रकमागे "क्षमता १६ टन" लिहिलेलं असतं म्हणून आपण त्यातून भाजी आणत नाही.

भटकी_मैना

धागा वाचतेय. यात बायकांची आणि मुलांची रड पण घाला. माझा हात लहान. जी६ सोडा, जी५ विचारली तरी "मॅडम, लेडीज रॅकेट देऊ का" म्हणून गुलाबी रंगाची काढतात. दांडा तोच जाड, रंग तेवढा गुलाबी!

मुलगी नऊ वर्षांची. अकॅडमीत पाठवायला लागलो. दुकानात एक तर खेळण्यातला सेट, नाही तर पूर्ण लांबीची मोठ्यांची रॅकेट. मधलं काहीच नाही. लहान मुलांसाठी आखूड रॅकेट बनवतात हे मला शेजारच्या केरळी बाईंनी सांगितलं, दुकानदाराने नाही.

पिसाचं_फूल

मैनाताई, दांडा जाड असेल तर वरची मूळ ग्रिप पूर्ण सोलून काढा. आत नुसतं लाकूड लागेल, घाबरू नका. त्यावर एकच पातळ ओव्हरग्रिप घट्ट ओढून गुंडाळा, खालून वर, एकमेकीवर थोडीशी चढवत. जी४ चा दांडा बराच बारीक होतो. मी पार्ल्यात मुलांना शिकवते, माझ्या निम्म्या मुलींच्या रॅकेट अशाच सोललेल्या आहेत. फक्त सोललेल्या रॅकेटचं वजन दांड्याकडून कमी होतं, त्यामुळे डोकं जरा जड वाटायला लागतं, एवढं लक्षात ठेवा.

नऊ वर्षांच्या मुलीला आखूड रॅकेट मिळाली तर उत्तम, नाहीच मिळाली तर हलकी ५यू द्या आणि दांड्यावर थोडं वर धरायला लावा. सहा महिन्यांत उंची वाढते, रॅकेटची तक्रार आपोआप संपते.

अवांतर: शटलचीही हीच कथा आहे. प्लास्टिकच्या शटलवर हिरवी, निळी, लाल पट्टी असते. हिरवी हळू, निळी मध्यम, लाल जलद. गरम हवेत शटल जास्त पळतं, त्यामुळे मुंबईला हिरवीच बरी. दुकानात मात्र जी आली असेल ती. विचारलं तर "सगळ्या सेम". मग एप्रिलमध्ये पोरांचा प्रत्येक टॉस बेसलाइनच्या बाहेर, आणि बिचारी स्वतःच्या मनगटाला दोष देतात.

सत्तरीपार

आमच्या वेळी दुकानात दोनच रॅकेट असायच्या. एक परवडणारी, एक न परवडणारी. निवड लगेच व्हायची.

गिरगावात आमच्या चाळीच्या मागच्या चौकात आम्ही खेळायचो. माझी पहिली रॅकेट लाकडी फ्रेमची, काकांनी वापरून दिलेली. खेळ झाला की ती प्रेसमध्ये घालायची. प्रेस म्हणजे दोन लाकडी चौकटी, चार कोपऱ्यांत चार स्क्रू आणि त्यांना फुलपाखरासारख्या चाव्या. चारही सारख्या आवळायच्या, एक जरी सैल राहिली तरी पावसाळ्यात फ्रेम पापडासारखी वळायची. एकदा मी प्रेस लावायला विसरलो आणि आठ दिवस सलग पाऊस लागला. त्यानंतर ती रॅकेट बशीसारखी झाली. तरी त्याच रॅकेटने खेळलो वर्षभर. माझा बॅकहँड तेव्हा चांगला होता तो त्या बाकामुळेच, असं मित्र अजून म्हणतात.

नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगरची स्पर्धा जिंकली, परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. लाकडी फ्रेमचाच जमाना तो. त्यांना ४यू का ५यू असं कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

टोणगा

काका, नाटेकरांना कोपराचा त्रास असता तर त्यांनीही धागा काढला असता. हलकेच घ्या.

वजनकाटा

सत्तरीपार, प्रेसचं वर्णन झकास. पण तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे. लाकडी रॅकेट आजच्यांपेक्षा कितीतरी जड होत्या आणि जवळजवळ एकसारख्या होत्या, म्हणून निवडीचा प्रश्न नव्हता. आता कार्बनमुळे दहा-पंधरा ग्रॅमच्या फरकात चार वेगळे स्वभाव तयार होतात. फरक बनवणाऱ्याने केला, विकणाऱ्यापर्यंत तो पोचला नाही.

गल्ल्यावरचा

बराच वेळ वाचत होतो. आता राहवत नाही. माझं मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनाबाहेर खेळाच्या सामानाचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. शिव्या खायला तयार आहे, पण आधी हिशोब बघा.

एक मॉडेल नीट ठेवायचं म्हटलं तर दोन वजनं, दोन ग्रिप, दोन रंग. झाले आठ नग. अशी सहा मॉडेल ठेवली की ४८. सरासरी खरेदी तीन हजार धरा, म्हणजे १,४४,००० रुपये खिळ्याला टांगलेले. त्यातले महिन्याला जातात किती? चांगल्या महिन्यात सहा-सात, आणि तेही त्यातल्या दोनच मॉडेलचे. उरलेले धूळ खातात. वर्षाने कंपनी तीच रॅकेट नव्या रंगात काढते, जुन्या रंगाची ऑनलाइन किंमत एका रात्रीत माझ्या खरेदीच्या खाली जाते. मग माझ्याकडे आहे तो डेड स्टॉक.

तेवढ्याच पैशात मी क्रिकेटचे टेनिस बॉल भरले तर पंधरा दिवसांत पैसे सुटतात. आणि खरं सांगू का, आमच्या लाइनीत दुकान रॅकेटवर चालतच नाही. ट्रॉफीवर चालतं. गणपतीच्या आधी मंडळं, डिसेंबर-जानेवारीत शाळांचे क्रीडामहोत्सव, वर नावाची पट्टी कोरून द्यायची. ट्रॉफी आउटडेटेड होत नाही, तिचा यू नसतो, जी नसतो, कुणी ती हातात घेऊन दुकानात हलवून बघत नाही. तुम्ही दुकानात शिरलात की अर्धी भिंत ट्रॉफ्यांची असते ना, ती उगीच नाही.

गिऱ्हाइकाचंही सांगतो. दहा जण येतात. त्यातले सहा विचारतात "जरा चांगली दाखवा". चांगली म्हणजे काय, तर हलकी आणि ३० पौंड लिहिलेली. ते लिहिलेलं नसेल तर कॉलेजची पोरं हातसुद्धा लावत नाहीत. दोघे तिघे नेमकं मॉडेल सांगतात, हातात घेतात, हवेत चार फटके मारतात, स्टिकरचा फोटो काढतात आणि "येतो हां" म्हणून जातात. ते कुठे जातात ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. चेकनाका यांच्यासारखं मधल्या बॅलन्सचं, लवचिक शाफ्टचं मागणारा महिन्यातून एखादा. त्याच्यासाठी मी आठ नग ठेवू?

एक गंमत. २०२३ मध्ये बॅडमिंटनपटू सात्विक रंकीरेड्डीने जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारला, गिनीजमध्ये नोंद झाली. त्याचा डबल्समधला जोडीदार चिराग शेट्टी तर आपल्या मुंबईचा पोरगा. त्यानंतर दोन-तीन महिने पोरं ती पिवळी-काळी रॅकेट मागत यायची. किंमत सांगितली की फ्रीजमधल्या पाण्याची बाटली घेऊन जायची.

वजनकाटा

गल्ल्यावरचा, सलाम. आणि तुम्ही अजाणता माझ्या मनातलं बोललात. सात्विकने तो स्मॅश ज्या रॅकेटने मारला ती नॅनोफ्लेअर १००० झी डोक्याकडे हलकी आहे! सगळी दुकानं "स्मॅशसाठी हेड हेवीच घ्या" म्हणून एकच साचा गळ्यात मारतात, आणि जगातला सगळ्यात वेगवान नोंदलेला फटका हलक्या डोक्याच्या रॅकेटचा. अर्थात शाफ्ट प्रचंड कडक आहे तिची, आणि मनगट सात्विकचं आहे. चेकनाकांनी ती घेतली तर कोपर आठवड्यात हातात येईल.

भटकी_मैना

गल्ल्यावरचा, हिशोब पटला. पण "फ्री साइज" हे उत्तर हिशोबात बसत नाही. ठेवू नका आठ नग, निदान जे चार आहेत त्यांच्यावर काय लिहिलंय ते दुकानातल्या मुलाला वाचायला शिकवा. त्याला पैसे पडत नाहीत.

गल्ल्यावरचा

ताई, बरोबर आहे. माझ्याकडचा मुलगा जूनमध्ये आला, त्याच्या आधीचा मेमध्ये गेला. मुंबईत दुकानात मुलगा टिकवणं रॅकेट टिकवण्यापेक्षा कठीण आहे. तरी तुमचं मान्य.

पिसाचं_फूल

मला यात एक मुद्दा सगळ्यांना सांगायचाय, तो म्हणजे गटिंग. आपण रॅकेटसाठी गावभर हिंडतो आणि गटिंग कोपऱ्यावर कुणाकडूनही मारून घेतो. माझ्याकडच्या एका मुलाची नवीकोरी रॅकेट दुकानात हाताने ओढून गटिंग केली. टोच्याने भोकात दोरी अडकवायची, पायाखाली रॅकेट धरायची, आणि ताकदीने ओढायचं. पौंड किती? "चोवीस." कसं मोजलं? "हाताला कळतं." घरी आणली तर फ्रेम लांबट, अंड्यासारखी. दोन आठवड्यांनी तीन वाजण्याच्या जागी तडा.

मशीनवर फ्रेमला सहा बाजूंनी आधार असतो, प्रत्येक दोरी ओढून चिमट्यात पकडतात. तेवढ्यासाठी लोकल पकडायला लागली तरी पकडा. दादर पश्चिमेला एक काका आहेत, जिन्याखालची जागा, एक मशीन आणि एक स्टूल. रॅकेट हातात दिली की आधी ते फ्रेमवरून अंगठा फिरवतात, डोळे मिटून. चीर असली तर परत देतात, पैसे घेत नाहीत. साधी ०.७० मिलिमीटरची बीजी ६५ दोरी सुचवतात, कारण टिकते. पातळ ०.६५ ची मागितली तर विचारतात, "आठवड्याला तोडायची हौस आहे का?"

साधी, मधल्या दर्जाची रॅकेट चांगल्या गटिंगवर महागड्या रॅकेटच्या वाईट गटिंगपेक्षा कितीतरी बरी खेळते, हे मी पैजेवर सांगते. कोपर दुखणाऱ्यांनी २१-२२ पौंडांच्या वर जाऊ नये. आणि रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका, मे महिन्यात तर अजिबात नाही.

हार्बरलाईन

+१. डिकीत माझी दोनदा आपोआप तुटलीय. सकाळी उघडली तर दोरी लोंबत होती, कुणी हातही न लावता.

चेकनाका, आणखी एक उपाय. हॉलमध्ये जेवढे लोक खेळतात त्या प्रत्येकाची रॅकेट पाच-पाच मिनिटं मागा. दुकानात हवेत फटके मारून काही कळत नाही, शटल लागल्यावरच कळतं.

चेकनाका

सर्वांचे आभार. वजनकाटा, काट्याबद्दल चूक माझीच. मुलीच्या रॅकेटवर खरंच दोन ग्रिप निघाल्या, एक माझीच गुंडाळलेली.

हार्बरलाईन यांचं ऐकून हॉलमध्ये चार दिवस भीक मागितल्यासारख्या रॅकेट मागितल्या. एकूण अकरा. त्यातल्या सात सेम टू सेम, रंग वेगळे. म्हणजे दुकानाच्या भिंतीवर जे आहे तेच कोर्टावर. एका बँकेतल्या गृहस्थांची जुनी रॅकेट मात्र हातात घेतली आणि कोपराने जणू सुस्कारा टाकला. त्यांना विचारलं कुठली, तर म्हणाले, "सिंगापूरहून भाच्याने आणली, तेरा वर्षं झाली."

काल शनिवारी धोबीतलाव केलं. सीएसएमटीला उतरून चालत. पहिल्या दुकानात तेच पाच-सहा मॉडेल, फक्त भिंत मोठी. दुसऱ्यात निवड खरंच जास्त होती, पण ती आठ हजारांच्या पुढे सुरू होत होती. मालक सभ्य होते, माझं बजेट ऐकून त्यांनी मला चहा पाजला.

तिसरं दुकान अरुंद, आत बॅटींचा आणि तेलाचा वास. गल्ल्यावर कानाला पेन्सिल लावलेले एक आजोबा. मी काय हवंय ते सांगितलं. ते काही न बोलता ऐकत राहिले. मग वर मान करून ओरडले, "अरे, कॅरमच्या मागे बघ." शिडीवरून एक मुलगा माळ्यावर गेला. वरून आधी धूळ आली, मग दोन हॉकी स्टिक, मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कव्हर. कव्हरची चेन गंजून बसलेली. आजोबांनी खणातून मेणबत्तीचा तुकडा काढला, चेनवर वरखाली घासला, आणि दोन झटक्यांत उघडली.

आत योनेक्सची जुन्या पिढीतली आर्कसेबर रॅकेट. ३यू, जी४. गटिंग नाही. मी खिशातून फूटपट्टी काढली. शाफ्ट बोटावर ठेवली. मुलगा हसला, आजोबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतः वाकून आकडा वाचला. २८४.

"ही का नाही लावत भिंतीवर?"
"कोण घेतो? हलकी मागतात सगळे. तीसचं लिहिलेलं मागतात. लावली होती दोन वर्षं. मग वर टाकली."

भाव केला नाही. त्यांनीच वहीत काहीतरी बघितलं, पुन्हा स्वतःशी हिशोब केला आणि ३,८०० सांगितले. वर म्हणाले, "माळा तेवढा मोकळा होईल."

वजनकाटा

थांबा थांबा. २८४ गटिंग नसताना ना? गटिंग आलं की वजन डोक्याकडे येईल, बॅलन्स पुढे सरकेल. नंतर एक ओव्हरग्रिप लावली की थोडा मागे येईल. हिशोबाने मधोमध बसायला हरकत नाही.

आणि ग्रोमेट (फ्रेमच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या) बघा. इतकी वर्षं माळ्यावर म्हणजे प्लास्टिक कडक झालं असणार.

चेकनाका

झालंच होतं. आज सकाळी दादरच्या काकांकडे नेली (पिसाचं_फूल, पत्त्याबद्दल धन्यवाद). अंगठा फिरवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "फ्रेम सोन्यासारखी आहे, ग्रोमेट मेलेत." तीन तर बोट लावताच भुगा झाले. या मॉडेलची ग्रोमेटची पट्टी आता मिळत नाही. त्यांनी एका डब्यातून दुसऱ्या रॅकेटचे सुटे ग्रोमेट काढले, एकेक भोकात घालून बघितला, कडा ब्लेडने छाटल्या. दोन भोकांत बारीक नळीचे तुकडे बसवले. पाऊण तास लागला. मधे एक कॉलेजचा मुलगा रॅकेट घेऊन आला, तीस पौंड मागत होता. काकांनी त्याला स्टुलावर बसवून विचारलं, "खेळतोस कुठे?" "बिल्डिंगमध्ये." "बावीस घे."

माझीही बावीस. बीजी ६५.

भटकी_मैना

मग खेळलात का??

चेकनाका

खेळलो संध्याकाळी, अर्धा तास. पहिली तीन शटलं लांब बाहेर, चौथं नेटमध्ये. जुन्या रॅकेटची सवय हातातून जायला वेळ लागेल. जरा जडच वाटते, पण ड्राइव्ह मारताना फ्रेम थरथरत नाही आणि कोपर बोंब मारत नाही. दुखायचं थांबलेलं नाही, घरी येऊन बर्फ लावलाच.

गल्ल्यावरचा

चेकनाका, तुमचं वाचून आज दुपारी मीही शिडी लावली. माळ्यावर नऊ निघाल्या. दोन वाकलेल्या, एकीला उंदराने ग्रिप खाल्लेली. बाकी सहा चांगल्या आहेत, त्यात एक जी५ पण आहे. मैनाताई, हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वजन-ग्रिप लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकीला अडकवून ठेवतोय. मुलाकडून लिहून घेतल्या.

भटकी_मैना

केला! गुलाबी नाही ना?

गल्ल्यावरचा

निळी आहे.

हार्बरलाईन

धोबीतलावच्या त्या दुकानाचं नाव सांगा की राव.

चेकनाका

व्यनि केलाय. पण तिथे ती एकच होती.

टोणगा

सगळं ठीक. पार्टनर तोच आहे का अजून?

चेकनाका

तोच आहे. आता मधलं शटल आलं की मी आधीच ओरडतो, "तुझं!"